चूक कळली, त्याच दिवशी सांगा



बारावीच्या परीक्षा आटोपल्या की वर्ग रिकामे होतात, पण प्राचार्यांच्या खोलीबाहेरचे बाक रिकामे होत नाही. मार्चपासून जुलैपर्यंत त्या बाकावर कोणी ना कोणी बसलेले असते. हातात प्लास्टिकची फाइल, फाइलमध्ये फॉर्मची प्रिंट, आणि चेहऱ्यावर एकच प्रश्न : "मॅडम, फॉर्म तर सबमिट झाला, आता काय करायचं?" कुणाची जन्मतारीख चुकलेली असते, कुणाच्या नावातले एक अक्षर, कुणाचा विषय, कुणाचा वर्ग. या बाकावरून मी जे शिकले, ते आज आपल्यापुढे मांडत आहे.

२०२५ च्या एप्रिलमधली गोष्ट. आपली एक विद्यार्थिनी आईला घेऊन आली. अभ्यासात चांगली, स्वभावाने अबोल. तिने सीयूईटीचा, म्हणजे विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा, फॉर्म एका कियोस्कवर भरला होता. तिथे गर्दी होती. भरणाऱ्याने आधीच्या मुलीचे विषय तसेच ठेवले आणि गणिताच्या जागी भूगोल गेला. तिला ज्या अभ्यासक्रमात जायचे होते, त्याला गणिताचा पेपर हवा होता. त्या परीक्षेत फॉर्मची मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस मिळतात. त्या वर्षी मार्चअखेर तीन दिवस मिळाले होते. ते दिवस निघून गेले होते. मी तिला म्हटले, "बाळ, प्रिंट आधी एकदा वाचायची होतीस." ती खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मला चूक त्याच रात्री कळली होती."

त्याच रात्री! म्हणजे दुरुस्तीची मुदत सुरू व्हायलाही तेव्हा दहा-बारा दिवस होते. मग सांगितले का नाही? तर बाबांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर कियोस्कवर दोन तास घालवले होते आणि घरी येताना म्हणाले होते, "चला, एक काम व्यवस्थित झालं." त्यानंतर तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. रोज वाटायचे, उद्या सांगू. दुरुस्तीचे दिवस कधी आहेत हे तिला ठाऊक नव्हते, आणि ज्यांना विचारता आले असते त्यांच्यापासूनच ती गोष्ट लपवत होती. मी ई-मेल पाठवली, अर्ज लिहिला, दोन-चार ठिकाणी फोन केले. काही झाले नाही. ती आज दुसऱ्या महाविद्यालयात शिकते आहे, ठीक आहे. पण तिचे एक दार बंद झाले. कियोस्कवरच्या चुकीने ते बंद झाले नाही. चूक कळल्यानंतरच्या गप्प बसण्याने ते बंद झाले.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे : फॉर्ममधली चूक हा गुन्हा नाही, पण कळलेली चूक दाबून ठेवणे घातक आहे. चूक कळली त्याच दिवशी, मुलाने स्वतः, लेखी स्वरूपात सांगितली पाहिजे. आणि मुलाला तसे सांगता येईल असे वातावरण ठेवणे हे आपले, म्हणजे घराचे आणि शाळेचे, काम आहे.

चुका होतात कुठे

चुका फार नानाविध नसतात. पंचवीसेक वर्षे फॉर्म पाहते आहे. बहुतेक चुका नाव, आकडे आणि निवड या तीन ठिकाणीच होतात.

नावाच्या बाबतीत आपल्या मराठी घरांची एक खास अडचण आहे आणि तिच्याकडे इंदूरसारख्या गावात राहून आपण पुरेसे लक्ष देत नाही. आपल्याकडे नाव तीन पदरी असते. समजा मुलाचे नाव अमेय, वडिलांचे विनायक आणि आडनाव जोशी. जन्मदाखल्यावर आजोबांनी "अमेय विनायक जोशी" लिहवले. शाळेत इकडच्या रीतीप्रमाणे "अमेय जोशी" लागले, कारण वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असतो. आधारवर पुन्हा तीन पदे. आणि मुलगा मधली दोन वर्षे पुण्याला मावशीकडे शिकला असेल, तर तिथल्या कागदावर "जोशी अमेय विनायक", आडनाव आधी. घरच्यांना ही चारही नावे एकच वाटतात. संगणकाला ती वेगवेगळी माणसे वाटतात.

अक्षरांचा घोळ त्याहून गमतीचा. आपण "ज्ञ" चा उच्चार वेगळा करतो, हिंदीभाषक वेगळा करतात. त्यामुळे ज्ञानेश किंवा ज्ञानदा हे नाव रोमन लिपीत घरी डी-एन-वाय ने सुरू होते आणि हिंदीभाषक लिहिणाऱ्याच्या हातून जी-वाय ने. दोघेही आपापल्या जागी बरोबर! पण जन्मदाखला एक सांगतो आणि अंकसूची दुसरे. हिंदीत नेहमीच्या लिहिण्यात "ळ" नाही, म्हणून काळे, गोखळे नव्हे पण केळकर, साळवी ही मंडळी हिंदी कागदांवर "ल" ची होतात. आणि आईचे नाव? आपल्याकडे लग्नात आडनावच नव्हे, कित्येकदा पहिले नावही बदलते. माझ्या स्वतःच्या पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव आहे आणि बाकी सगळीकडे सासरचे. मुलाच्या फॉर्मवर आईचे नाव एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे येणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे.

दुसरी चूक आकड्यांची : जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे होणे, रोल नंबरातला एक अंक गळणे, टक्केवारीचे अंक मागेपुढे होणे. तिसरी चूक निवडीची : विषय, माध्यम, प्रवर्ग, परीक्षेचे शहर, महाविद्यालयांचा पसंतीक्रम. खाली सरकणाऱ्या यादीतून बोट जरा वरखाली झाले की काम बिघडते.

यातली नावाची चूक पुष्कळदा बारावीत होत नाही, ती नववीत होते. बोर्डाकडे मुलाची नोंदणी नववीत जाते आणि तिथे जे नाव गेले तेच पुढे दहावीच्या अंकसूचीवर छापून येते. ती नोंदणी शाळा करते. तेव्हा दोष नेहमी मुलाचा किंवा कियोस्कवाल्याचा नसतो हे मला आधी कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका मुलीच्या आईचे नाव आमच्या यादीत चुकले. ती यादी माझ्या सहीने गेली होती. अंकसूची हातात आल्यावर वडील भेटायला आले. माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? "यादी तपासायला घरी पाठवली होती, तुम्ही का पाहिली नाही?" ते वाक्य ओठांवर आले होते. तेव्हा मला कळले की मोठ्या माणसालाही चूक स्वतःची म्हणणे किती जड जाते. मी त्यांची क्षमा मागितली आणि स्कॉलर रजिस्टरचा उतारा जोडून दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला. नवी अंकसूची यायला वर्ष होत आले. प्राचार्याला स्वतःची चूक मान्य करायला असा घाम फुटतो, तर सतरा वर्षांच्या मुलीचे काय होत असेल!

दुरुस्ती होते, पण मुदतीत

आता व्यवहाराचे बोलू. सबमिटचे बटण दाबल्यावर सगळे संपते ही समजूत चुकीची आहे. आणि "पुढे बघून घेऊ, नंतर सगळं होतं" ही समजूत त्याहून चुकीची आहे.

सीयूईटी २०२२ साली सुरू झाली. ती आणि अभियांत्रिकीची जेईई मेन, या परीक्षा घेणारी राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए, फॉर्मची मुदत संपल्यावर दुरुस्तीची सोय देते. ही सोय दोन-तीन दिवसांची असते आणि एकदाच मिळते. त्यातही सगळे बदलता येत नाही. मोबाइल क्रमांक आणि ई-मेल सहसा बदलत नाहीत. कियोस्कवाल्याचा मोबाइल क्रमांक फॉर्मवर टाकू नका असे मी दरवर्षी कानीकपाळी ओरडते ते यासाठीच. क्रमांक त्याचा असेल तर ओटीपीही त्याच्याकडे जाणार आणि दुरुस्तीच्या तारखेचा निरोपही.

आपल्या मध्य प्रदेशात शासकीय आणि संलग्न महाविद्यालयांतले पदवीचे प्रवेश उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेश पोर्टलवरून होतात. तिथे नोंदणी, पसंतीक्रम, कागदपत्रांचे सत्यापन, जागावाटप आणि शुल्क अशा पायऱ्या आहेत. सत्यापनाआधी चूक लक्षात आली तर काम सोपे. सत्यापनाच्या वेळी लक्षात आली तर मदत केंद्रावर मूळ कागद घेऊन जावे. जागावाटपानंतर लक्षात आली, तर जागा हातची जाण्याची भीती. पायरी जितकी पुढची, तितकी दुरुस्ती महाग. आमच्या घरी आजी म्हणायची की उसवलेले शिवण तेवढ्यातच टाचावे, नाहीतर पुढे पदरच फाटतो. तसेच हे.

चूक मुळात अंकसूचीवरच असेल तर वाट वेगळी. तेव्हा प्रवेशाच्या फॉर्मवर नाव "बरोबर" करायचे नसते. फॉर्मवर अंकसूचीप्रमाणेच लिहावे आणि अंकसूचीची दुरुस्ती बोर्डाकडे स्वतंत्र करावी. पुष्कळ हुशार मुले इथे फसतात. पूर्वी बोर्डाने नकार दिला की माणूस हताश होत असे. ३ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसईच्या प्रमाणपत्रांबाबत सविस्तर निकाल दिला. शाळेच्या नोंदीशी प्रमाणपत्र जुळवून घेण्याची विनंती बोर्डाने विचारात घेतलीच पाहिजे, आणि जन्मदाखल्यासारख्या सार्वजनिक दस्तऐवजांनाही मान दिला पाहिजे, असा त्याचा आशय. तेव्हा रस्ता आहे. मात्र तो शाळेच्या रजिस्टरातून जातो, हे लक्षात असू द्या.

चूक कळल्यावर काय करू नये हेही सांगते. काही ठिकाणी सल्ला मिळतो, "दूसरे मोबाइल से नया फॉर्म डाल दो." एकाच परीक्षेचे दोन फॉर्म भरणे नियमाला धरून नाही, दोन्ही रद्द होऊ शकतात. कागदावर खाडाखोड करू नका, व्हाइटनर लावू नका, प्रिंटवर पेनने अंक बदलू नका. चूक तोवर निरागस असते. खाडाखोड केली की तिला बनावटीचा वास येतो.

करायचे काय? एका कोऱ्या पानावर अर्ज. अर्ज क्रमांक, फॉर्म भरल्याची तारीख, काय लिहिले गेले, काय हवे होते, त्याचा पुरावा कोणता, आणि चूक केव्हा लक्षात आली. एवढ्या सहा गोष्टी. "माझे वडील आजारी होते, वीज गेली होती" असली लांबण नको. सोबत पुराव्याची प्रत. एक प्रत आपल्याकडे, आणि कार्यालयात दिला असेल तर त्या प्रतीवर पोच. ई-मेल केली असेल तर तिची प्रिंट. दुरुस्ती झाल्यावर नवी प्रिंट काढून ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचणे.

इथे मला एक खंत वाटते. आपली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत इंग्रजीतून शिकतात, पण ज्या राज्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्या राज्याच्या कार्यालयात पाच ओळींचा हिंदी अर्ज लिहायचा म्हटला की अडखळतात. मी हिंदी माध्यमातून पदवी घेतली. त्याचे आमच्या मराठी नातेवाइकांना तेव्हा कौतुक नव्हते. पण कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहून "महोदय, निवेदन है कि" असे न घाबरता लिहिता येणे हे मला आयुष्यभर उपयोगी पडले. मराठी जपा, इंग्रजी शिका, पण मुलांना अर्ज लिहिता आला पाहिजे, कोणत्याही भाषेत का होईना.

न्यायालय आहे ना!

काही पालक म्हणतात, "एवढ्याशा चुकीसाठी कोणी प्रवेश नाकारला तर कोर्टात जाऊ." त्यांच्यासाठी एक खरी हकीकत सांगते. ती महाविद्यालयाची नाही, नोकरीची आहे, पण मुद्दा तोच. बिहारमध्ये २०१७ च्या पोलीस शिपाई भरतीत एका तरुणाने सायबर कॅफेत ऑनलाइन फॉर्म भरला. जन्मतारीख १८ डिसेंबर होती, फॉर्मवर ८ डिसेंबर गेली. एक अंक गळला. लेखी परीक्षा उत्तीर्ण, शारीरिक चाचणी उत्तीर्ण, आणि कागदपत्रांच्या टप्प्यावर अनुत्तीर्ण! उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही. शेवटी २ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला : चूक क्षुल्लक आहे, तिचा निवडीवर परिणाम नाही, त्याने तिचा काही फायदाही घेतलेला नाही.

निकाल माणुसकीचा आहे. पण तारखा पाहा. २०१७ चा फॉर्म, २०२४ चा निकाल. एका अंकासाठी एवढी वर्षे. आपल्या मुलाने पदवीच्या पहिल्या वर्षासाठी तेवढे थांबायचे का? आणि त्या निकालातले ते शेवटचे कारण डोळ्यांआड करू नका : त्याने चुकीचा फायदा घेतला नव्हता.

फायद्याची चूक

आता जरा अवघड गोष्ट. वर सांगितलेल्या चुका नुकसान करणाऱ्या. त्या सुधारायला सगळेच धावतात. पण चूक आपल्या फायद्याची असेल तर?

एका मुलाच्या फॉर्मवर ८४.९ च्या जागी ८९.४ टक्के गेले. अंक मागेपुढे झाले, बस. त्याचे टक्के हाताने भरलेले होते. वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले ते वेगळ्याच कामासाठी, आणि बोलता बोलता हसत म्हणाले, "मॅडम, देवानेच पाच टक्के वाढवून दिलेत. आपण होऊन कशाला सांगायचं? तपासणं त्यांचं काम आहे." मुलगा काही बोलला नाही. मी एवढेच विचारले, "सत्यापन कधी आहे?" तो म्हणाला, "परवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच आला. म्हणाला, "मॅडम, अर्ज कसा लिहायचा ते सांगा." लिहिला. मदत केंद्रावर जाऊन दुरुस्त करून आला. परिणाम? ज्या महाविद्यालयावर त्याचे मन होते, तिथे पहिल्या यादीत त्याचे नाव लागले नाही, दुसऱ्यातही नाही. त्याला तिसऱ्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले. खरेपणाचे बक्षीस म्हणून काही चमत्कार झाला असे मी सांगणार नाही, कारण झाला नाही. वडील माझ्यावर काही दिवस नाराजही होते.

पण मी त्यांना तेव्हा जे सांगितले, तेच आपल्यालाही सांगते. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी घोषणापत्र असते : दिलेली माहिती खरी आहे, खोटी निघाल्यास प्रवेश रद्द होईल. त्याखाली मुलाची सही असते. फॉर्म भरताना ती सही खरी होती, कारण चूक ठाऊक नव्हती. चूक कळल्यावर गप्प बसलो, की त्याच क्षणी तीच सही खोटी होते. कागद तोच, शाई तीच. आणि असा प्रवेश दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी, कधीही उघडा पडू शकतो. रोज सकाळी ती धाकधूक घेऊन वर्गात बसायचे का? शिवाय त्या पाच टक्क्यांनी कोणाची तरी जागा गेली असती. तो मुलगा आपल्याला दिसत नाही, पण त्याचे आईवडीलही कुठल्यातरी बाकावर फाइल घेऊन बसलेले असतात.

मग जबाबदारी सगळी मुलांचीच का?

असे कोणी विचारेल, आणि ते रास्त आहे. फॉर्म करणाऱ्यांनीही सुधारायला हवे. दुरुस्तीला दोन-तीन दिवस म्हणजे चेष्टा आहे. निदान आठवडा हवा. मुदत मुलाच्या स्वतःच्या मोबाइलवर दोन भाषांत कळवली पाहिजे. नावाच्या रकान्यापुढे "इतर कागदांवरचे नाव" असा एक रकाना असावा, म्हणजे आपल्यासारख्यांचा अर्धा त्रास वाचेल. आणि एक अक्षर चुकले आणि अख्खी माहितीच खोटी दिली, यात फरक करण्याचा अधिकार खिडकीवरच्या माणसाला असावा. हे आपण संस्थेच्या वतीने संबंधित विभागांना लिहू शकतो, आणि मी ते लिहिणार आहे.

पण पोर्टल सुधारेपर्यंत आपल्या हातात जे आहे ते तरी करू. आपल्या शाळेपुरते मी तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली : नववीची नोंदणी जाण्याआधी प्रत्येक मुलाच्या नावाचा कागद घरी येईल, जन्मदाखला आणि आधार शेजारी ठेवून वाचायचा आणि आई किंवा वडील यांनी सही करून परत पाठवायचा. रोमन अक्षरे एकेक करून वाचा. घाईत सही केलीत तर पुढे दोघांनाही त्रास. दुसरी : जानेवारीत बारावीच्या मुलांसाठी फॉर्मचा तास असेल. तिथे मुले कागदावर नमुना फॉर्म स्वतः भरतील आणि शेजारच्याचा तपासतील. आपली चूक आपल्याला दिसत नाही, शेजाऱ्याला लगेच दिसते. तिसरी : मार्च ते जुलै शाळेच्या कार्यालयात रोज एक तास चूक-दुरुस्तीसाठी राखलेला असेल. तिथे बसणाऱ्या शिक्षकांना मी एकच सूचना दिली आहे. "कशी झाली" हे विचारायचे नाही. "शेवटची तारीख कोणती" हे विचारायचे.

पालकांनाही माझी तीच विनंती आहे. फॉर्म मुलालाच भरू द्या. आपण शेजारी बसा. कियोस्कवर गेलात तरी टंकणारा तो असेल, वाचणारा आपला मुलगा असला पाहिजे. आणि मुलगा किंवा मुलगी एखाद्या रात्री जवळ येऊन म्हणाली, "बाबा, फॉर्ममध्ये माझी चूक झाली आहे," तर "डोळे कुठे होते?" हे वाक्य गिळून टाका. ते दुरुस्तीनंतर आठवड्याने बोला, तेव्हा राग उरला असेल तर. त्या क्षणी म्हणा, "बरं झालं सांगितलंस. प्रिंट आण बघू."

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच. सबमिट केलेल्या फॉर्मची प्रिंट त्याच रात्री वाचा, मोठ्याने वाचा. चूक दिसली तर झोपण्याआधी एका माणसाला सांगा. आई, बाबा, आजोबा, ताई, शिक्षक, कोणीही. कोणालाच सांगता येत नसेल तर सकाळी प्रार्थनेआधी माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसा. मी साडेसातला येते.